आत डोकावून पाहा, पण आधी अंदाज करा

आमच्या शाळेच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक आहे. १ जून ते ३० सप्टेंबर असे १२२ दिवस नववीची मुले पाळीपाळीने रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातले पाणी मोजतात आणि किती मिलिमीटर पाऊस झाला ते वहीत लिहून ठेवतात. पावसाळा संपला की त्या नोंदींवरून एक मोठा तक्ता तयार होतो आणि तो प्रयोगशाळेच्या दारावर लागतो. काही वर्षांपूर्वी मुलांनी ठरवले की या खेपेस हिशेब संगणकावर करायचा. पायथन ही संगणकाची भाषा त्यांनी नुकतीच शिकायला घेतली होती. नोंदींची फाईल तयार झाली, प्रोग्रॅम लिहून झाला, आणि संगणकाला पहिला प्रश्न विचारला गेला : एका दिवसात जास्तीत जास्त पाऊस किती पडला?

उत्तर आले, ९ मिलिमीटर.

वर्गात क्षणभर शांतता पसरली. मग एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, असं कसं? ऑगस्टमध्ये ओढ्याला पूर आला होता. शाळेला सुट्टी द्यावी लागली होती. त्या दिवशीची नोंद मी स्वतः केली आहे. १०४ मिलिमीटर!" तिच्या शेजारी बसणारा मुलगा हुशार. प्रोग्रॅम त्यानेच लिहिला होता. त्याने तो पुन्हा चालवला. पुन्हा ९. "कॉम्प्युटर कसा चुकेल?" तो म्हणाला, "तूच नोंद चुकीची केली असशील." आणि नवल असे की बाकीच्या वर्गाला त्याचेच म्हणणे पटू लागले. वही बाजूला राहिली, ओढ्याचा पूर बाजूला राहिला. तक्त्यावर ९ लिहायला एकाने पेनसुद्धा उघडले.

मित्रहो, त्या क्षणी मला जे भय वाटले, ते मला हा लेख लिहायला लावते आहे. प्रोग्रॅमात चूक होणे यात काही विशेष नाही. चुका सर्वांच्याच होतात. पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला पूर यंत्राच्या एका शब्दाखातर खोटा ठरवायला अख्खा वर्ग तयार झाला होता.

मी मुलांना म्हटले, "संगणक चुकला की आपण चुकलो, यावर वाद नको. त्याच्या पोटात काय साठले आहे ते आधी पाहू या." आमच्या शाळेतल्या संगणकावर स्पायडर नावाचा प्रोग्रॅम होता. पायथन लिहिण्याची व चालवण्याची ती एक पाटी आहे म्हणा ना. तिच्या एका कोपऱ्यात एक तक्ता दिसतो. प्रोग्रॅम चालू असताना जी जी माहिती स्मृतीत साठते, तिची ओळीने यादी त्यात असते. आम्ही 'पाऊस' या नावावर दोनदा क्लिक केले. एक नवी खिडकी उघडली. १२२ ओळी होत्या, सगळ्या संख्या जागच्या जागी होत्या, ती १०४ सुद्धा होती. पण प्रत्येक संख्येपुढे 'प्रकार' या रकान्यात 'इंट' म्हणजे पूर्णांक असे नव्हते. तेथे 'स्ट्र' असे लिहिलेले होते. स्ट्र म्हणजे स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ. संगणकाच्या लेखी आमचा पाऊस ही संख्याच नव्हती, तो मजकूर होता!

मग उलगडा व्हायला वेळ लागला नाही. फाईलमधून वाचलेली प्रत्येक नोंद पायथनने मजकूर म्हणून घेतली होती, आणि तिचे संख्येत रूपांतर करायला आम्ही विसरलो होतो. मजकुराची तुलना शब्दकोशाप्रमाणे होते. शब्दकोशात 'कमलनयन' हा लांबलचक शब्द 'खण' या चिमुकल्या शब्दाच्या आधी येतो, कारण पहिल्या अक्षरावरच निकाल लागतो. त्याच न्यायाने '१०४' हा मजकूर '९' च्या आधी येतो, कारण १ हे ९ च्या आधी आहे. त्या वर्षीच्या बाकीच्या एकाही नोंदीची सुरुवात ९ ने होत नव्हती. म्हणून ९ हीच 'सर्वांत मोठी' ठरली. आम्ही बेरीज करायला गेलो असतो, तर पायथनने लगेच हरकत घेतली असती. कमाल शोधताना मात्र त्याने चकार शब्द काढला नाही. त्याला जे विचारले, त्याचे त्याने अचूक उत्तर दिले. आम्ही काय विचारत आहोत, ते आम्हालाच ठाऊक नव्हते.

पोटात काय आहे?

पायथन ही भाषा नेदरलँड्समधील गीडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या अखेरीस रचायला घेतली आणि १९९१ मध्ये ती प्रथम लोकांच्या हाती आली. तिचे नाव अजगरावरून आलेले नाही, तर 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून आले आहे. या भाषेत सगळ्याच गोष्टींना 'वस्तू' मानतात. संख्या ही एक वस्तू, मजकूर ही एक वस्तू, संख्यांची यादी ही एक वस्तू. आपण प्रोग्रॅममध्ये जे नाव लिहितो, ते त्या वस्तूला बांधलेल्या चिठ्ठीसारखे असते. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, ही चिठ्ठी देवनागरीतही लिहिता येते. म्हणून आमच्या मुलांनी 'पाऊस' असे नाव खुशाल वापरले होते.

आता गंमत अशी की, प्रोग्रॅम आपल्या डोळ्यांसमोर असतो, पण वस्तू दिसत नाहीत. त्या संगणकाच्या स्मृतीत असतात. शाळांतून आपण प्रोग्रॅम फळ्यावर लिहितो, वहीत उतरवतो, पाठ करतो, परीक्षेत जसाच्या तसा लिहून मोकळे होतो. आतल्या वस्तूंकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. पाककृती पाठ आहे, पण पातेल्यावरचे झाकण एकदाही उघडून पाहिले नाही, अशा स्वयंपाक्यासारखी आपली गत होते.

हे झाकण उघडण्याचे साधन म्हणजे वस्तुदर्शक. असे दर्शक अनेक आहेत. स्पायडर ही पाटी फ्रान्सच्या पिएर रेबो यांनी २००९ मध्ये तयार केली. ती फुकट मिळते आणि तिचा स्वतःचा प्रोग्रॅमही कोणालाही वाचता येतो. फिलिप गुओ यांनी २०१० मध्ये 'पायथन ट्यूटर' हा दर्शक सुरू केला. त्यात डावीकडे नावे आणि उजवीकडे वस्तू दिसतात, आणि कोणते नाव कोणत्या वस्तूला बांधले आहे ते बाणाने दाखवले जाते. एस्टोनिया या छोट्या देशातील तार्तू विद्यापीठात घडवलेली 'थॉनी' ही तर खास नवशिक्यांसाठीच आहे. एखादे गणिती पद कोणत्या क्रमाने सुटत जाते, तेही ती पायरीपायरीने दाखवते.

या साधनांत नवनव्या सोयींची भर पडत असते. डिसेंबर २०१९ मध्ये स्पायडरची चौथी मोठी आवृत्ती निघाली. तिच्यात कोणत्याही वस्तूच्या आत शिरून पाहण्याची सोय आली. समजा, तुम्ही 'नोंद' नावाची नवी वस्तू घडवलीत. तिच्यात दिनांक, मिलिमीटर आणि मोजणाऱ्याचे नाव असे तीन भाग आहेत. त्या वस्तूवर क्लिक केले की झाडाच्या फांद्या फुटाव्यात तसे तिचे भाग उलगडतात, भागांचे उपभाग उलगडतात, तिला कोणकोणती कामे करता येतात तेही कळते. नाव किंवा प्रकार टाईप करून हवी ती वस्तू शोधण्याची सोयही त्याच वेळी आली, आणि काढलेले आलेख एका जागी पाहण्यासाठी वेगळी खिडकी मिळाली.

अशी यादी वाचली की आपल्याला वाटते, वा! आता काही चूक व्हायलाच नको. पण साधन कितीही चांगले असले तरी काय पाहायचे हे आपल्यालाच ठरवावे लागते. म्हणून सोयींची यादी लांबवण्यापेक्षा त्या तक्त्याच्या साध्या रकान्यांकडे आपण नीट पाहू.

चार रकाने, चार प्रश्न

स्पायडरच्या तक्त्यात चार मुख्य रकाने असतात : नाव, प्रकार, आकार आणि मूल्य. नवखा विद्यार्थी फक्त शेवटचा रकाना पाहतो. माझे म्हणणे असे आहे की, खरे शहाणपण मधल्या दोन रकान्यांत आहे.

'प्रकार' या रकान्याचे महत्त्व आमच्या पावसाने आम्हाला शिकवले. पण ही चूक फक्त शाळकरी मुलांची आहे, असे समजू नका. माणसाच्या जनुकांना शास्त्रज्ञ लहान लहान नावे देतात. त्यांत 'मार्च१' आणि 'सेप्ट२' अशी नावे होती. एक्सेल या प्रोग्रॅममध्ये अशी नावे भरली की तो त्यांना तारखा समजे आणि त्यांचे १ मार्च, २ सप्टेंबर असे करून टाकी. मजकुराची तारीख झाली, आणि कोणी पाहिले नाही! २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, ज्या शोधनिबंधांना एक्सेलमधील जनुकांच्या याद्या जोडलेल्या होत्या, त्यांतल्या सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका होत्या. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने नावेच बदलली. 'मार्च१' चे 'मार्चएफ१' झाले आणि 'सेप्ट२' चे 'सेप्टिन२'.

'आकार' हा रकाना त्याहून साधा. यादीत किती वस्तू आहेत, तक्त्याला किती ओळी आहेत, एवढेच तो सांगतो. पण हीच एक संख्या न पाहिल्याने काय होते, ते ऐका. २०२० च्या कोरोना साथीत इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळून पडले. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती ज्या फाईलींतून पुढे जात होती, त्यांची मर्यादा भरून गेली होती. एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाईलीत ६५,५३६ च्या वर ओळी मावतच नाहीत. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता; पण त्यांच्या सहवासात आलेल्या लोकांचा शोध घेण्याचे काम मात्र लांबले. साथीच्या दिवसांत अशा विलंबाची किंमत काय असते, ते तुम्हाला सांगायला नको. हा प्रकार पायथनमध्ये घडला नव्हता, पण धडा तोच आहे. ६५,५३६ म्हणजे २ चा १६ वा घात. ज्याला घातांक येतात, त्याला अशी 'गोल' संख्या आकाराच्या रकान्यात दिसली की शंका यायलाच हवी : माहिती येथेच संपली, की डबा भरला म्हणून उरलेली सांडली?

राहिला 'मूल्य' हा रकाना. यादीत तीन संख्या असतील तर त्या वाचता येतात. तीन हजार असतील तर? तेव्हा रंग आणि आलेख कामाला येतात. स्पायडरमध्ये संख्यांचा मोठा तक्ता उघडला की लहानमोठ्या संख्यांच्या चौकोनांना निरनिराळ्या रंगछटा मिळतात. एखाद्या संख्येला चुकून दोन शून्ये जास्त पडली असतील, तर तो चौकोन गर्दीतही उठून दिसतो. संख्यांच्या मालिकेचा आलेखही तेथूनच काढता येतो. आलेखाची गरज काय, हे फ्रान्सिस ॲन्सकोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये फार सुंदर रीतीने दाखवले. त्याने अकरा अकरा जोड्यांचे चार संच तयार केले. चारही संचांत 'क्ष' ची सरासरी ९ आणि 'य' ची सरासरी जवळजवळ ७.५, संख्यांचा विखुरलेपणाही जवळपास सारखा. नुसत्या हिशेबावरून चारही संच एकाच साच्यातले वाटतील. आलेख काढला की एक साधारण सरळ रेषेभोवती पसरलेला दिसतो, दुसरा कमानीसारखा वाकलेला, तिसरा रेषेत पण एक बिंदू भलतीकडे, आणि चौथा तर उभ्या भिंतीसारखा, एकच बिंदू दूर उभा. डोळ्यांनी पाहिल्यावाचून हे कळणार नाही.

"हे तर गाईड झालं!"

आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना हे सारे पसंत नाही. त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे, म्हणून त्यांचे म्हणणे तुमच्यापुढे ठेवते. ते म्हणाले, "बाई, हा तुमचा दर्शक म्हणजे गाईड झालं. मुलांनी डोकं चालवायचं, की खिडकीत उत्तर वाचायचं? आम्ही प्रोग्रॅम कागदावर चालवून बघायचो. प्रत्येक नावाचा एक रकाना आखायचा आणि ओळीगणिक त्याची किंमत लिहीत जायचं. त्यानं प्रोग्रॅम अंगात मुरतो."

सरांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. मुलांच्या हाती दर्शक दिला आणि पुढे काहीच सांगितले नाही, तर ती खरोखरच खिडकीत पाहून वहीत उतरवतात. तेव्हा पाठांतराची जागा नकलेने घेतली, एवढाच काय तो फरक! पण कागदावरची रीतही एकटी पुरत नाही. आमच्या पावसाचा प्रोग्रॅम कागदावर चालवून पाहिला असता तर काय झाले असते? मुलांनी रकान्यात १०४ असेच लिहिले असते, आणि लिहिताना ती संख्याच आहे असे मनात धरले असते. कागदावर आपण आपल्या मनातले लिहितो. संगणकाच्या पोटात काय आहे, ते कागदाला ठाऊक नसते.

म्हणून माझे मत असे : दोन्ही हवे, आणि क्रम महत्त्वाचा. आधी कागदावर अंदाज, मग दर्शकात पाहणी, मग दोहोंत फरक पडला तर त्याचे कारण. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आपण हेच तर करतो. लिटमस कागद कोणत्या रंगाचा होईल हे आधी सांगायचे, मग बुडवायचा. अंदाज न करता बुडवला, तर नुसता रंगीत कागद पाहण्याची करमणूक होते.

दर्शक काय दाखवत नाही?

आता सरांच्या बाजूने मीच चार गोष्टी सांगते. सूक्ष्मदर्शकाच्या नळीतून दिसते तेवढेच थेंबात असते असे नाही, तसेच दर्शकाचेही आहे. प्रत्येक दर्शक कोणीतरी घडवलेला असतो. काय दाखवायचे आणि काय झाकायचे, हे त्या घडवणाऱ्याने ठरवलेले असते.

पहिली गोष्ट. 'मूळ' नावाची एक यादी करा आणि पुढच्या ओळीत 'प्रत' बरोबर 'मूळ' असे लिहा. आता 'प्रत' मधली एक संख्या बदला. 'मूळ' मधलीही बदललेली दिसेल! कारण येथे दुसरी यादी तयार झालीच नाही. एकाच यादीला दोन चिठ्ठ्या बांधल्या गेल्या. स्पायडरच्या तक्त्यात या दोन वेगळ्या ओळी दिसतात, आणि त्या एकाच वस्तूच्या आहेत हे ओळींवरून कळत नाही. पायथन ट्यूटरच्या चित्रात मात्र दोन्ही बाण एकाच यादीवर येऊन टेकलेले दिसतात. म्हणजे एका खिडकीतून जे दिसत नाही, ते दुसरीतून दिसते. घराच्या पुढच्या खिडकीतून परसातली विहीर कशी दिसणार?

दुसरी गोष्ट. संख्यांच्या मोठ्या तक्त्याची खिडकी दशांश चिन्हापुढचे थोडेच अंक दाखवते. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तेथे ०.३ अशी नीटनेटकी दिसेल. पण ती ०.३ च्या बरोबर आहे का, असे पायथनला विचारा. तो 'नाही' म्हणेल! संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवतो, आणि आपल्या दशमान पद्धतीत १/३ जसा कधी संपत नाही, तसा द्विमान पद्धतीत १/१० संपत नाही. कुठेतरी तोडावा लागतो, आणि ती तूट सतराव्या दशांश स्थळी ४ होऊन डोकावते. खिडकीतले अंकांचे स्वरूप बदलून जास्त अंक मागितले, तरच ती दिसते.

तिसरी गोष्ट. दर्शकात काही प्रकारची नावे लपवण्याच्या खुणा असतात. तक्ता गजबजू नये म्हणून ती सोय असते आणि तिचा उपयोगही होतो. पण एखादी वस्तू तक्त्यात नाही म्हणून ती स्मृतीतही नाही, असा निष्कर्ष काढू नका. आधी खुणा तपासा.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दर्शकातल्या चौकोनात क्लिक करून तेथली संख्या हाताने बदलता येते. एखादी चुकीची नोंद दिसली की हात शिवशिवतो. बदलली, उत्तर बरोबर आले, काम झाले! पण हा बदल प्रोग्रॅममध्ये कोठेच लिहिला जात नाही. उद्या तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला तर जुनीच संख्या येईल; आणि महिन्याने कोणी विचारले की हे उत्तर कसे काढलेत, तर तुम्हाला सांगता येणार नाही. प्रयोगवहीतली नोंद रबराने खोडायची नाही, एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहायची, असे आम्ही शिक्षक तुम्हाला सांगतो ते उगाच नव्हे. पाहण्यासाठी दर्शक, बदलण्यासाठी प्रोग्रॅम, हा नियम पक्का ध्यानात ठेवा.

शिक्षक मित्रांना दोन शब्द

शिक्षक बंधू-भगिनींनो, आपल्याला यात फार काही नवे करायचे नाही. मुलांच्या प्रयोगवहीत तीन रकाने आखून घ्या : 'माझा अंदाज', 'दिसले काय' आणि 'फरक का पडला'. प्रोग्रॅमातल्या एखाद्या ओळीवर थांबायचे, पहिला रकाना भरायचा, मगच दर्शकाची खिडकी उघडायची. पाच ओळींचा प्रोग्रॅम असला तरी पुरे. आणि प्रात्यक्षिकाचे गुण देताना नुसत्या बरोबर उत्तराला सगळे गुण देऊ नका. ज्याचा अंदाज चुकला, पण का चुकला ते ज्याने नीट लिहिले, त्या मुलाने त्या दिवशी सर्वांत जास्त शिकलेले असते. त्याच्या पदरात काही पडले नाही, तर पुढच्या वेळी तो अंदाज लिहिणारच नाही. आधी खिडकी उघडेल आणि मग पहिला रकाना भरेल. मुले हुशार असतात!

"आमच्या शाळेत दोनच संगणक आहेत," असे काही जण म्हणतील. हरकत नाही. दर्शक पडद्यावर चालू ठेवा आणि अंदाज सगळ्या वर्गाकडून घ्या. एका संगणकाभोवती चाळीस अंदाज जमले की जो वाद रंगतो, तो चाळीस संगणकांपुढे मुकाट्याने बसलेल्या मुलांत रंगत नाही. आणि दर्शक नसला तरी पायथनमध्येच छोटी छोटी साधने आहेत. 'टाईप' विचारले की वस्तूचा प्रकार कळतो, 'लेन' विचारले की लांबी कळते, 'आयडी' विचारले की दोन नावे एकाच वस्तूची आहेत का ते ताडून पाहता येते, आणि 'डिर' विचारले की वस्तूच्या आत काय काय आहे त्याची यादी मिळते. चित्र काढणारे दर्शक म्हणजे याच प्रश्नोत्तरांना दिलेले दृश्य रूप आहे.

आता तुमची पाळी

विद्यार्थी मित्रहो, एवढे वाचून थांबू नका. तीन छोटे प्रयोग सांगते. ९, ३८ आणि १०४ या संख्यांची एक यादी करा, आणि त्याच संख्या अवतरणचिन्हांत घालून दुसरी. दोन्ही याद्या चढत्या क्रमाने लावा. दुसरा प्रयोग 'मूळ' आणि 'प्रत' यांचा. तिसरा, ०.१ दहा वेळा मिळवून उत्तर १ च्या बरोबर आहे का ते विचारायचे. तिन्ही प्रयोगांत आधी अंदाज लिहा, शाईने लिहा, मग पाहा. अंदाज चुकला तर खाडाखोड करू नका.

आमच्या तक्त्यावर त्या वर्षी १०४ हीच संख्या लागली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाने तिच्याखाली बारीक अक्षरात एक ओळ लिहिली : 'संगणकाने आधी ९ सांगितले होते. कारण प्रयोगवहीत पाहावे.' त्या मुलीने ती वाचली आणि काही न बोलता प्रयोगवही तक्त्याखाली दोऱ्याने बांधून ठेवली. अजूनही एखादा नवा विद्यार्थी ती उघडून वाचताना दिसतो.

यंत्राने दिलेले उत्तर आणि आपण पाहिलेला पूर यांत विरोध आला, तर दोहोंपैकी एकाला घाईने खोटे ठरवू नका. झाकण उघडा आणि आत पाहा. पण उघडण्यापूर्वी, आत काय असेल ते मनाशी ठरवायला विसरू नका.